खिसे

कोट मशीनमध्ये जाण्याआधी
मी त्याचे खिसे उलटे करते.
भायखळ्याला, सांकळी स्ट्रीटच्या लाँड्रीत
अठरा वर्षं हेच माझं काम.
निघतात : सुपारीची खांडं, बिलं,
लग्नातल्या अक्षता, एकदा दातांची कवळी.
सगळं वहीत लिहायचं, समोर कोटाचा नंबर.
होमीशेठ म्हणतात,
दुर्कसबाई, तुमच्या बोटांना डोळे आहेत.

त्या गुरुवारी एका राखाडी कोटाच्या
आतल्या खिशात पाकीट लागलं,
चिकटवायचं राहून गेलेलं.
बावीस हजार. तीनदा मोजले.
तिसऱ्यांदा गरज नव्हती,
ती नुसती हातांची हौस.

आता ऐका. त्याच सकाळी
चहा उतू जात असताना
मी देवाला आकडा सांगितला होता :
मिर्यामच्या नर्सिंगची फी, सोमवारपर्यंत, बावीस.
एवढं नेमकं मी कधी मागत नाही, लाज वाटते,
तो काय सोसायटीचा खजिनदार आहे?
पण त्या दिवशी मागितलं.

शिंगंबिंगं असलेला कुणी आला नाही.
आला तो मंडळीतल्या वडीलधाऱ्यासारखा,
इस्त्रीचा सदरा, मऊ आवाज.
म्हणाला, बाई, मागितलंस ना? मिळालं.
आता नको म्हणालीस तर तो अविश्वास.
आणि कोट मेलेल्या माणसाचा दिसतोय,
कॉलरवरची धूळ बघ.
मनाला लागत असेल तर दशांश टाक पेटीत,
बावीसशे. हिशोब चोख.
(वचनांचं त्याचं पाठांतर माझ्याहून चांगलं.)

वहीत मी लिहिलं : एक रुमाल.
पाकीट डब्याच्या पिशवीत, फडक्याखाली.

रात्री घोडपदेवच्या खोलीत
एलिशाने जेवणाआधी प्रार्थना म्हटली.
भाकरीपर्यंत मी त्याच्याबरोबर होते.
मोहाची ओळ आली
तेव्हा वरणाचं मीठ बघायला उठले.

सासरे राहुरीकडचे, सुतार, मोजकं बोलणारे.
म्हणायचे, देव हात रिकामा ठेवील,
पण दुसऱ्याच्या खिशात घालायला लावणार नाही.
तेव्हा मला ते गरिबाचं समाधान वाटायचं.
अडीच वाजता तेच वाक्य
उशीखाली खडा होऊन टोचलं.

सकाळी रुमाल खोडला.
खोडलेलं दिसेल असाच खोडला.
खाली लिहिलं : पाकीट, बावीस हजार.
होमीशेठनी वही बघितली, मला बघितलं,
मग बराच वेळ चष्मा पुसला.

कोटवाला आला. मेलेला नव्हता,
नुसता सर्दी झालेला.
अंगठा ओला करून काउंटरवर मोजले
आणि म्हणाला, पंचवीस होते.

मी बावीसच परत आणले, असं ओठांवर आलं
आणि "परत"पाशी जीभ अडली.
शेठ म्हणाले, बाई बावीस म्हणतात म्हणजे बावीस.
त्यांनी बाजू घेतली त्याचीच जास्त लाज वाटली.
त्या माणसाची नजर खोटी होती,
पण एका रात्रीपुरती
मी तिच्या मापाची होते.

फी? सोमवार गेला.
कॉलेजने पंधरा दिवस दिले, दंड लावून.
कुणी दाराशी काही ठेवून गेलं नाही.
माझे कानातले गहाण आहेत,
एलिशा दुसरी पाळी करतो,
पाळकसाहेबांना यातलं काही ठाऊक नाही.

आकडा मी अजून सांगते, रोज सकाळी, हट्टाने.
हल्ली शेवटी एवढंच जोडते :
तुझ्या स्वतःच्या खिशातून दे.
तो ऐकतो, असं मी धरून चालते.
काही दिवशी धरून चालणं
हेच माझ्या अंगात उरतं.

आज काळा कोट, साटिनचं अस्तर.
आतल्या खिशापाशी हात क्षणभर थांबला.
अठरा वर्षांत थांबत नव्हता.
निघाली खोकल्याची गोळी,
अर्धी चोखून कागदात परत गुंडाळलेली.

लिहिते.